टोचतंय कुठं?

लग्नाच्या हंगामात ठाणे-डोंबिवलीकडच्या पार्लरांत मेंदीच्या आदल्या दिवशी पायांची गर्दी असते. प्लॅस्टिकच्या टबात कोमट पाणी, शॅम्पूचा फेस आणि मूठभर मीठ. नवरी मुलगी मोबाइलमध्ये गुंग असते आणि पाय टबात भिजत असतात. वीसेक मिनिटांनी एक पाऊल टॉवेलवर येतं आणि पार्लरवाल्या ताई ते हातात धरून उजेडाकडे वळवतात. करंगळीच्या पेरावर, चपलेचा पट्टा घासतो नेमका तिथं, मसुराएवढा पिवळट, चकचकीत ठिपका असतो. ताईंनी त्यावर अंगठा दाबला की मुलगी पाय झटकन मागे घेते.

“कधीपासून आहे गं कुरूप?”

“दोन वर्षं झाली असतील. शोरूमला आहे ना मी, ताई. दिवसभर उभंच.”

ताई ब्लेड हातात घेत नाहीत. पूर्वी घ्यायच्या, आता नाही. “आज कापलं आणि उद्या पोरगी लंगडत सप्तपदी चालली, तर नाव माझं जाईल.” त्या कानशीसारख्या पट्टीनं वरचा थर हलकेच घासतात, क्रीम चोळतात आणि राहिलेल्या डागाचं काय करायचं ते सांगतात. लग्नाच्या दिवशी चेहऱ्याचाच कन्सीलर बोटाच्या टोकानं तिथं थापायचा, वर कॉम्पॅक्ट मारायचा. फोटोग्राफर जोडव्यांचा क्लोजअप घेतो आणि करंगळी त्या फोटोत येतेच येते.

पायांची एवढी उठाठेव आपल्याकडे उगीच होत नाही. मराठी लग्नात पाय सतत समोर असतात. जावयाचे पाय धुतात, नवरीच्या बोटात जोडवी चढतात, सप्तपदी होते, माप ओलांडायचं असतं. दिवाळीत उंबऱ्यापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावलं काढतो आपण. गोलगोटीत टाच आणि पाच नेटके ठिपके. त्या पावलांनी कधी आठ तास काउंटरमागे उभं राहून साड्या उलगडलेल्या नसतात. एरवी वर्षभर हेच पाय साडीच्या घोळात, मोज्यांत आणि बंद बुटांत दडवलेले असतात. मांडी घालून बसणाऱ्यांच्या घोट्याबाहेर जो काळा राठ घट्टा पडतो, तोही बायका पावडर लावून झाकतात. पेटीवाले, भजनी मंडळी, शिंपी, गादीवर बसून हिशेब लिहिणारे, सगळ्यांच्या घोट्यावर तो सापडेल. इंग्रज शिंपीही मांडी घालूनच शिवायचे. करंगळीच्या मुळाशी उठणाऱ्या हाडाच्या उंचवट्याला त्यांच्या डॉक्टरांनी शिंप्यांचंच नाव दिलं.

कुरूप, किंवा काही भागांत भोवरी, ही खरं तर कातडीची प्रामाणिक मेहनत असते. चालताना आतून हाड ढकलतं, बाहेरून चप्पल ढकलते आणि मधल्या मध्ये कातडी सापडते. ती बचावासाठी वरचा मेलेला थर जाड करत जाते. दाब पसरून येत असेल, टाचेवर किंवा चवड्याखाली, तर नुसता घट्टा पडतो. तो दिसायला वाईट असतो, पण फारसा दुखत नाही. दाब एकाच टोकावर येत असेल, तर तो थर शंकूसारखा आत उतरतो आणि त्या शंकूचं टोक पायाच्या आतल्या बाजूला असतं. म्हणून कुरूप दाबलं की खडा टोचल्यासारखं होतं. संरक्षणासाठी बांधलेली भिंतच आत रुतते, आणि रुतल्यामुळे दाब आणखी वाढला की भिंतही आणखी वाढते.

बोटांच्या बेचक्यात, बहुतेक वेळा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मध्ये, जे कुरूप होतं ते घामानं ओलं राहतं. ते पांढरं, पिचपिचीत दिसतं आणि लोक त्याला चिखल्या समजून बुरशीची मलमं लावत बसतात. दोन बोटांची हाडं एकमेकांवर घासत असतात. मलमाला त्यात काय करता येणार? बोटांच्या मध्ये कापसाचा किंवा फोमचा छोटा बोळा ठेवला तर चार दिवसांत फरक कळतो. दुसरी गल्लत चामखिळीशी होते. तळपायाची चामखीळ विषाणूमुळे होते आणि घरातल्या ओल्या बाथरूममधून दुसऱ्यालाही लागू शकते. कुरूप कुणाकडून कुणाला लागत नाही. ओळखायचं कसं, ते एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ओपीडीत समोरच्याच पायावर दाखवलं. वरून सरळ दाबल्यावर कळ आली तर कुरूप. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर कळ आली तर बहुधा चामखीळ. मग त्यांनी वरचा थर किंचित तासला. आत बारीक काळे ठिपके होते. चामखिळीतल्या गोठलेल्या केशवाहिन्या. त्या पायाच्या मालकानं सहा महिने त्यावर कुरुपाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या.

मऊ करण्याच्या बाबतीत आपल्या घरांना कुणी काही शिकवायची गरज नव्हती. न्हाणीघरात वजरी असायची. गरिबाघरी भाजलेल्या मातीची, ऐपतवाल्यांकडे पितळेची. खाली आडव्या-उभ्या खाचा आणि वर धरायला मोर, पोपट किंवा नुसती कडी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या वजऱ्या मांडून ठेवल्या आहेत. टाच घासायच्या वस्तूवर कारागिरानं एवढा जीव ओतावा, याचं पहिल्यांदा पाहणाऱ्याला नवल वाटतं. अभ्यंगस्नानात तेल, उटणं आणि वजरी हा क्रम होता आणि त्यात शहाणपण होतं. तेलानं आणि पाण्यानं कातडी फुगते, मग ती घासली तर थर निघतो. कोरडी घासली तर चरे पडतात आणि भेगा वाढतात. घासून झाल्यावर पुन्हा स्निग्ध काहीतरी हवं. कोकणात त्यासाठी कोकमतेल. बियांपासून काढलेलं हे तेल खोलीत ठेवलं की थिजतं. त्याचे पांढरट गोळे बाजारात मिळतात. तुकडा पळीत घेऊन दिव्यावर पातळ करायचा आणि भेगेत ओतायचा. देशावर राळेचं मलम. आज औषधाच्या दुकानात युरियाचं क्रीम मिळतं तेही याच जातीचं. युरिया पाणी धरून ठेवतो आणि जास्त प्रमाणात असला, तर थर सैलही करतो.

घरगुती उपायांत धोक्याचेही आहेत आणि ते कौतुकानं सांगितले जातात. बिब्ब्याचा चटका त्यांपैकी एक. बिब्बा तापवून त्याचं तेल कुरुपावर टेकवतात. ते तेल कातडी जाळतं, आजूबाजूला फोड उठतात आणि काहींना अंगभर खाज सुटते. रुईचा चीक, पपईचा चीक, चुना या सगळ्यांत तत्त्व एकच आहे: जाळून काढा. जळतं ते कुरूपही आणि शेजारची चांगली कातडीही. चिकाला दोन्हींतला फरक कळत नाही.

तोच हिशेब मापात बसवण्याचं काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत झालं. विलोच्या सालीशी नातं असलेलं सॅलिसिलिक आम्ल १८७०च्या दशकात तिथं कारखान्यात स्वस्तात बनू लागलं. कडक झालेला थर सांधून ठेवणारी चिकटण हे आम्ल सैल करतं. हॅम्बुर्गमध्ये पाउल बायर्सडॉर्फ नावाच्या औषधविक्रेत्यानं त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांच्या सहकार्यानं औषध लावलेल्या चिकटपट्ट्या तयार केल्या आणि १८८२ साली त्यांचं पेटंट घेतलं. पुढे त्याच घराण्याच्या नावाच्या कंपनीनं निव्हिया आणलं. अमेरिकेत विल्यम शोल यांनी १९०४च्या सुमारास पायाच्या कमानीला आधार देणारी वस्तू बनवली आणि बघता बघता पायांच्या दुखण्यांचं दुकान जगभर पसरलं.

आपल्याकडे औषधवाल्याला “कॉर्न कॅप द्या” म्हटलं की तो न विचारता देतो. आत पाहिलं तर मऊ फेल्टचं गोल कडं, मधल्या भोकात आम्लाचा गुलाबी ठिपका आणि दोन्ही बाजूंना चिकटपट्टी. आम्लाचं प्रमाण साधारण ४० टक्के असतं. अर्धं काम ते कडं करतं, कारण चपलेचा दाब कड्यावर जातो आणि मधल्या कुरुपाला सुटका मिळते. पण घाईघाईत पट्टी वाकडी लागते, ठिपका शेजारच्या कातडीवर बसतो, दोन दिवसांनी तिथं पांढरा बुळबुळीत व्रण होतो आणि कुरूप जिथल्या तिथं. पट्टी काढल्यावर कोमट पाण्यात पाय भिजवून पांढरा झालेला थर काढायचा आणि मगच दुसरी पट्टी लावायची, असं डब्यावर लिहिलेलं असतं. ते कोण वाचतो?

पट्टी खरंच गुणकारी आहे का, याची नीट परीक्षा इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात झाली आणि तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. २०२ रुग्णांपैकी काहींना ४० टक्क्यांची पट्टी, तर काहींना तज्ज्ञाकडून ब्लेडनं तासणं. तीन महिन्यांनी पट्टीवाल्यांपैकी ३४ टक्के आणि तासलेल्यांपैकी २१ टक्के जणांचं कुरूप गेलेलं होतं. पट्टी जिंकली म्हणायचं. पण तिथंही तिघांपैकी दोघांचं तसंच राहिलं. चप्पल तीच आणि चालही तीच, मग ते जाईल कशाला?

कुरुपाला ‘मूळ’ असतं, ते उपटलं की खेळ खलास, ही समजूत सगळीकडे आहे आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोटं भरली आहेत. तुंबडी लावून कुरूप ‘ओढून’ काढणारे फिरते वैदू आजही बाजारात किंवा स्टेशनबाहेर भेटतात. पाय मांडीवर घेतात, कुरुपावर काहीतरी चोळतात, शिंग किंवा नळी लावतात आणि तळहातावर पांढरा दोरा काढून दाखवतात: बघा, मूळ! मग दर मुळाला वेगळे पैसे. कुरुपात दोऱ्यासारखं काही नसतं. कडक थराचं टोक असतं, बस्स. लंडनमध्येही असेच लोक होते. हेन्री मेह्यूनं १८५१च्या सुमारास तिथल्या रस्त्यावरच्या धंद्यांची जी प्रचंड जंत्री केली, तिच्यात कुरुपाचं मलम विकणारेही आहेत. याच धंद्यातला वरच्या दर्जाचा माणूस म्हणजे इसाकार झकारी. तो अब्राहम लिंकनचे पाय पाहायचा. लिंकननं १८६२ साली त्याला स्वतःच्या सहीचं शिफारसपत्र दिलं आणि पुढे यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत कामगिरीवर न्यू ऑर्लिन्सला धाडलं. कुरूप काढणाऱ्यावर माणूस किती विश्वास टाकतो बघा.

सुश्रुतसंहितेनं मात्र कारण अचूक पकडलं होतं. तिथं क्षुद्ररोगांत ‘कदर’ येतो: खड्यानं, काट्यानं दुखावलेल्या पायावर उठणारी बोरासारखी कठीण गाठ. उपाय राकट आहे, कापून काढायची आणि तापल्या तेलानं डागायचं. आयुर्वेद महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तापवलेल्या शलाकेनं हे अग्निकर्म अजून करतात.

दुखतंय तोवर ठीक आहे, असं एकच डॉक्टर नव्हे, पायांचं काम करणारे सगळेच म्हणतात. भीती न दुखणाऱ्या कुरुपाची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या पावलांतल्या नसा वर्षानुवर्षांच्या साखरेनं मंदावतात. ओपीडीत डॉक्टर नायलॉनचा एक जाडसर तंतू तळपायाला टेकवून वाकेपर्यंत दाबतात. तो दहा ग्रॅमचा दाब असतो. “कळलं का, मावशी?” मावशी डोळे मिटून बसलेल्या असतात आणि तंतू केव्हाच वाकलेला असतो. अशा पायावरच्या घट्ट्याखाली जखम चिघळत राहते आणि मोज्यावर डाग दिसेपर्यंत घरात कुणाला पत्ता नसतो. या लोकांनी कॉर्न कॅप लावायची नाही, ब्लेड धरायचं नाही आणि पाय शेकायला गरम पाणी घ्यायचं नाही. पाणी किती गरम आहे हे पायाला कळतच नाही. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहण्याचं व्रत किंवा भर उन्हात देवळाच्या फरशीवरून प्रदक्षिणा, यांतून पोळलेले तळपाय घेऊन येणारे रुग्ण या डॉक्टरांच्या नेहमीच्या ओळखीचे. देवाला मोजे चालत नाहीत असं कुठल्या पोथीत लिहिलंय, असं एक डॉक्टर रुग्णांना विचारतात. उत्तर कुणाकडेच नसतं, पण मोजे फार थोडे जण घालतात.

हे सारं कळलं ते कुष्ठरोग्यांच्या पायांवरून. पॉल ब्रँड या शल्यविशारदाचा जन्म १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत झाला. आईवडील मिशनरी होते. इंग्लंडमध्ये शिकून ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटं, पावलं आपोआप झडतात असं तेव्हा डॉक्टरही मानत. ब्रँड यांनी वर्षानुवर्षं पाहून दाखवून दिलं, की मांस रोगानं सडत नाही. बधिर पायाला जखम कळत नाही, म्हणून माणूस त्याच जागी वजन देत राहतो आणि पाऊल झिजत जातं. संवेदना शाबूत असलेला माणूस लांबवर चालताना नकळत वजन बदलतो. टाच दुखली की चवड्यावर, आतली बाजू दुखली की बाहेरच्या बाजूवर. आपलं लंगडणंच आपले पाय राखतं. वेल्लोरला मग मऊ, पण दबून सपाट न होणाऱ्या सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला झाल्या. सरकारच्या कुष्ठरोग कार्यक्रमातून वर्षानुवर्षं वाटल्या गेलेल्या एमसीआर चपला त्याच. आता साध्या दुकानांतही मधुमेहींसाठी त्या ठेवतात. काळ्या, जाडजूड, मागे पट्टा. दिसायला अगदीच बेंगरूळ, आणि लग्नाला जाताना हमखास घरी ठेवल्या जातात.

प्रत्येक घट्टा घालवायलाच हवा असंही नाही. कथक शिकवणाऱ्या एका बाई शिष्यांना पार्लरमध्ये पाय घासून घ्यायला मनाई करतात. लाकडी फळीवर तासन्‌तास ततकार करून तळव्याला आलेला जाड थर एका पेडिक्युअरमध्ये जातो आणि पुढचे पंधरा दिवस रियाज सोसवत नाही. अनवाणी शेतात वावरणाऱ्यांच्या तळव्यांबद्दल तर हार्वर्डचे डॅनिएल लीबरमन आणि सहकाऱ्यांचं संशोधन २०१९ साली ‘नेचर’मध्ये आलं. त्यांनी केनियात अनवाणी चालणाऱ्यांची आणि बूट घालणाऱ्यांची पावलं तपासली. अनवाणी चालणाऱ्यांचे घट्टे जाड होते, पण जमिनीचा स्पर्श त्यांना तितकाच कळत होता. जाड गादीच्या बुटात जे हरवतं, ते निसर्गाच्या तळव्यात हरवत नाही. मात्र त्या पायांवर घट्टा असतो, कुरूप क्वचितच. बोटांना चिमटीत धरणारी चप्पलच नसते ना. आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यांचेही पाय वाटेत दुखतात ते फोडांनी. मुक्कामावर तेल लावून पाय चोळून देणारे स्वयंसेवक सांगतात, की कुरुपं असतात ती घरून आणलेली. कुरूप व्हायला रोज तोच दाब तिथंच, महिनोन्‌महिने यावा लागतो.

आणि तो रोजचा दाब कोण ठरवतं? जुन्या पेठांतल्या कापडदुकानांत गादी असायची. गिऱ्हाईकही बसायचं आणि दाखवणाराही. शोरूम आल्या, काउंटर आले आणि विकणारी पोरं-पोरी उभी राहिली. केरळात कोळिकोडच्या दुकानांत बायकांना दिवसभर बसू देत नसत. शिवणकाम करणाऱ्या विजी पलितोडी यांनी त्यांना संघटित केलं आणि २०१८ साली त्या राज्यानं कायदाच बदलला: दुकानातल्या कामगारांना बसायला सोय द्यायची. तमिळनाडूनं २०२१ मध्ये तोच रस्ता धरला. कुरुपावरचं इतकं खात्रीचं औषध अजून दुसरं निघालेलं नाही, असं माझं मत आहे. मुंबई-पुण्याच्या शोरूममध्ये चौकशी केली तर मॅनेजर हसून सांगतात, “बसायला कुणी नाही म्हणत नाही, पण गिऱ्हाईक असताना बरं दिसत नाही.” गिऱ्हाईक तर सकाळी अकरापासून रात्री नऊपर्यंत असतंच.

चपलेपुरता हिशेब घरच्या घरी करता येतो. कोऱ्या कागदावर दोन्ही पायांनी उभं राहायचं, पेन्सिलीनं पावलाभोवती रेघ ओढायची आणि रोजची चप्पल त्यावर ठेवायची. चवड्यापाशी पेन्सिलीची रेघ चपलेच्या बाहेर डोकावत असेल, तर कुरूप कुठं आहे ते न विचारता सांगता येतं.

स्टेशनच्या जिन्याखालच्या चांभारमामांना कागद लागत नाही. रात्री साडेनऊच्या सुमारास शोरूम सुटलेल्या मुली त्यांच्यापाशी थांबतात. एकीनं काळी बेली काढून पुढे केली, युनिफॉर्मची होती.

“मामा, करंगळीला चावते. फर्म्यावर चढवून सैल करून द्या ना.”

मामांनी बेली आतून बाहेरून बोटानं चाचपली. “ही रेक्झीन आहे. कातडं असतं तर पाणी मारून रात्रभर फर्म्यावर ठेवलं असतं, सकाळी सैल झालं असतं. हे वाढत नाही, नुसतं फाटतं.”

“दुसरी चालत नाही हो दुकानात. काळी आणि बंदच लागते.”

मामांनी तिला पाय बेलीत घालायला लावला, करंगळीच्या उंचवट्यावर खडूनं खूण केली आणि रापीच्या टोकानं तिथं बोराएवढं भोक पाडलं. आतून मऊ कातड्याचा तुकडा चिकटवला, आरीनं चार टाके घातले आणि वरून काळं पॉलिश मारलं. दोन हातांवरूनही ठिगळ ओळखू येत नव्हतं.

“चाळीस द्या. दोनेक महिने जाईल.”

“आणि मग?”

“मग दुसरी घ्या, एक नंबर मोठी. पण घ्यायला संध्याकाळी जा. सकाळी पाय लहान असतो.”